वर्षाचा गहू आणि माईंचं लुगडं

इंदुरात वर्षाचा गहू घ्यायचा तो रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेल्यावर. त्याआधी मंडीत येतो तो घाईचा माल. दाणा पुरता वाळलेला नसतो आणि भावही चढा असतो. एप्रिल लागला की छावणीच्या आणि लक्ष्मीबाई नगरच्या मंडीबाहेर ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, कॉलन्यांमधून गव्हाचे टेम्पो फिरायला लागतात आणि रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या जुन्या मराठी घरांत भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतात, "तुमचा गहू झाला का?"

आमचा बरीच वर्षं होत नव्हता. वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली, पत्र्याची कोठी भंगारवाल्याकडे गेली आणि घरात पिठाच्या तयार पिशव्या येऊ लागल्या. माझ्या सासूबाईंना, म्हणजे माईंना, त्या पिठाची पोळी कधीच आवडली नाही. "पोळी आहे की पुठ्ठा," एवढंच म्हणायच्या आणि जेवायच्या. मी नोकरीतून मोकळी झाले त्या वर्षी मात्र त्यांनी विषय लावूनच धरला. गहू भरायचा, कुरडया घरी करायच्या, आणि सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या पद्धतीनं. माई ऐंशीच्या पुढच्या. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. तेव्हा त्या सांगणार, मी करणार आणि नवरा "अगं, कशाला हा व्याप" म्हणत पोती उचलणार, अशी वाटणी आपोआपच झाली.

सुरुवात शेतापासून. सांवेरच्या बाजूला सासऱ्यांच्या भावकीची थोडी जमीन आहे, बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेली. पीक उभं असताना एकदा बघून या, असा माईंचा हट्ट. होळीच्या आधी गेलो. काळी जमीन भेगाळायला लागली होती आणि गहू हिरव्यावरून पिवळ्यावर येत होता. बटाईदाराच्या म्हाताऱ्या वडिलांना गावात सगळे 'बा' म्हणतात. त्यांनी चार ओंब्या काढून गोवरीच्या धगीवर भाजून दिल्या. तळहातावर चोळायच्या, फुंकर मारून कुसं उडवायची आणि कोवळे, धुरकट दाणे गरम गरम तोंडात टाकायचे. माझी ही पहिलीच वेळ नव्हे, पण शहरात राहून ओंबीची चव विसरायला होते हे खरं.

बांना बोलतं करायला फार वेळ लागत नाही. त्यांच्या तरुणपणी या शेतात गव्हाला पाणी देणं हा प्रकारच नव्हता. पावसाळाभर शेत रिकामं ठेवायचं. रिकामं म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं नव्हे. पावसानं उघडीप दिली की बैल जुंपून बखर, म्हणजे आपला वखर, फिरवायचा. तण मरायचं, वरची माती भुसभुशीत राहायची आणि पडलेलं पाणी खाली मुरून काळ्या मातीत साठून राहायचं. थंडीच्या तोंडावर खोल पेरणी, आणि मग जमिनीच्या पोटात जे आहे त्यावरच गव्हानं वाढायचं. पौषात मावठा, म्हणजे थंडीतला पाऊस, पडला तर पाचही बोटं तुपात. तोच पाऊस कापणीच्या वेळी आला तर गहू आडवा. 1970 च्या दशकापासून माळव्यात सोयाबीन पसरत गेलं आणि पावसाळ्यात शेत मोकळं ठेवण्याची ही रीत मागे पडली. आता खरिपात सोयाबीन निघतं आणि रब्बीत ट्यूबवेलच्या पाण्यावर गहू.

दुसरी गोष्ट मिसळीची. गव्हात हरभरा मिसळून पेरायचे, त्याला इकडे गोचनी म्हणतात. शेताच्या कडेनं जवसाच्या ओळी. निघालेलं धान्य तसंच मिसळ दळायचं आणि तीच भाकरी खायची. यात चवीपेक्षा धास्ती जास्त होती. गव्हावर तांबेरा रोग पडला तर हरभरा तरी हाती लागावा. 1946-47 च्या हंगामात मध्य भारतात तांबेऱ्यानं गव्हाची धूळधाण केली होती. माईंच्या सासूबाई त्या वर्षाबद्दल सांगायच्या की सणालासुद्धा घरात ज्वारीच होती. पुढे 1951 मध्ये भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदुरात आलं. माळव्यातले शेतकरी आज सहज ज्यांची नावं घेतात त्या 'सुजाता', 'मालवशक्ती' या जाती तिथल्याच.

खळ्यामागे बांच्या घरचा खताचा खड्डा होता. पाला, काड्या, गोठ्यातला काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख, असे थर. मध्ये मध्ये पाणी शिंपडायचं आणि ठरावीक दिवसांनी सगळं उलथायचं. ही पद्धत जगभर इंदूरच्या नावानं ओळखली जाते, हे बांच्या मुलाला मी सांगितलं तेव्हा त्याला थट्टाच वाटली. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं इंदुरात वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली. होळकर दरबारानं त्यासाठी जमीन दिली. तिथे हॉवर्ड आणि यशवंत वाड या आपल्या मराठी माणसानं मिळून ही रीत बसवली आणि 1931 मध्ये दोघांच्या नावानं त्यावर पुस्तक निघालं. तिथले खड्डे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि 2 फूट खोल. तीनदा उलथापालथ करायची की तीन महिन्यांत खत तयार. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा हे खड्डे बघायलाही गेले होते. इंदुरातल्या मराठी माणसाला होळकरांचा राजवाडा, त्यांच्या समाधीच्या छत्र्या, सराफ्यातले पदार्थ यांचा केवढा अभिमान. वाडांचं नाव मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

शेतातला आमचा वाटा कठिया गव्हाचा, म्हणजे मालवी गव्हाचा. लांबट, टणक, मधाच्या रंगाचा दाणा. बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे), रवा, लापशी, शेवया यांना त्याला तोड नाही. पोळी मात्र आमच्या घरच्या दातांना त्याची चालत नाही, निवली की वातड होते. म्हणून पोळीला लोकवन जातीचा गहू मंडीतून घ्यायचं ठरलं. चार माणसांना दोन क्विंटल पोळीचा आणि अर्धा क्विंटल मालवी.

मंडीत गहू बघायची माईंची तालीम घरूनच झाली होती. पोत्यात वरवर हात घालायचा नाही, कोपरापर्यंत घालायचा. आत उबारा लागला तर परत फिरायचं. मूठभर दाणे हातात घेऊन वास घ्यायचा. एक दाणा दाढेखाली धरून दाबायचा. कट्‌ असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळलेला, चेपला गेला तर ओला. मालवी गव्हात पोटिया दाणा बघायचा. पोटिया म्हणजे ज्याच्या अंगावर पांढरट, पिठूळ ठिपके असतात तो. शेताला नत्र कमी पडलं किंवा पाणी जास्त झालं की असा दाणा येतो, त्याचा रवा चांगला निघत नाही. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्यावर अडत्या हसला. "भाभीजी, अब तो सब मोबाइल पे फोटो देख के ले जाते हैं." पण त्यानं पुढचं पोतं स्वतःहून उघडलं, आणि ते आधीच्यापेक्षा चांगलं निघालं.

खरं काम घरी आल्यावर. मशीननं साफ केलेला असला तरी माईंच्या लेखी तो साफ नसतोच. गच्चीवर सावलीत बसून सगळा गहू आधी चाळायचा, मग पाखडायचा, मग निवडायचा. पहिल्या दिवशी मी नेहमीच्या पंजाबी ड्रेसवर बसले. ओढणी कमरेला बांधली की घामानं ओली, सोडली की गव्हात. सलवारीचा कपडा गुडघ्याशी ताणला जाई, नाडीचा काच वेगळाच, आणि सूप हाती धरून उकिडवं बसायचं म्हटलं की कुर्त्याचा घेर पायाखाली. माई खुर्चीत बसून हे बघत होत्या. दुपारी त्यांनी कपाटातून त्यांचं एक जुनं सुती लुगडं काढायला लावलं. महेश्वरचं, वांगी रंगाचं, चटई काठाचं. काठ अजून ठणठणीत, अंग मात्र धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. "हे नेस, आणि परकर काढ," म्हणाल्या.

नऊवारी मी लग्नकार्यात नेसलेली आहे, पण ती दुसऱ्यानं नेसवलेली, पिनांनी जखडलेली. कामाचं लुगडं नेसायची गत निराळी. कमरेभोवती एक वेढा घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची. गाठीच्या एका अंगाला पदराचा लांब भाग, दुसऱ्या अंगाला निऱ्यांचा. पदर पाठीमागून फिरवून खांद्यावर घ्यायचा. उरलेल्याच्या निऱ्या घालून पोटाशी खोचायच्या आणि त्या निऱ्यांचा खालचा मधला काठ दोन पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचायचा, की झाला काष्टा. मग पुढचा झोळ थोडा वर ओढून घ्यायचा, तो ओचा. माई गाठीपाशी अडून बसल्या. "गाठ नीट बसली की बाकी सगळं गाठीच्या जिवावर. तिला पिन लागत नाही." शेवटी पदर कमरेला खोचला आणि लुगडं पोटऱ्यांपर्यंत वर घेतलं.

सूप हातात घेऊन बसले आणि फरक कळला. दोन्ही पाय मोकळे, मांड्यांच्या मध्ये कापड, त्यामुळे उकिडवं बसा, मांडी घाला, एक पाय पसरा, एक गुडघा वर घ्या, कुठेच ओढ नाही आणि उघडं पडायची भीती नाही. नाडी नाही, त्यामुळे कमरेला वळ नाही. घाम आला तर सुती कापडाचे पदर तो पिऊन घेतात. पोट भरून जेवल्यावर गाठ बोटभर सैल केली की काम भागतं. अंगाच्या मापाचा प्रश्नच नाही. माईंनी हेच लुगडं मुलांच्या वेळी दिवस असताना नेसलं होतं आणि नंतर हाडं वर आल्यावरही तेच नेसलं. वर खणाची चोळी, पुढे गाठ मारलेली. अंगावर पिणारं मूल असलं की तीही सोयीची. निवडताना सापडलेले लाखीचे दाणे, खडे, तणाचं काळं बी मी सवयीनं वाटीत टाकत होते. माईंनी ओच्याकडे बोट दाखवलं. त्यात टाका आणि उठताना झटका.

पाखडणं मात्र लुगड्यानं येत नाही, ते हातालाच यावं लागतं. सूप वर उडवून दाणा झेलायचा, हवेत फोल आणि कोंडा पुढे सरकतो, तो पुढच्या कडेनं खाली पडू द्यायचा. मग घोळायचं. सूप गोल फिरवलं की हलका माल मध्ये गोळा होतो आणि जड दाणा कडेला राहतो. मग आसडायचं, म्हणजे बारीक झटके द्यायचे, त्यानं खडे मागे, तुमच्या पोटाकडे येतात. या तीन हालचाली तीन वेगळ्या मनगटांच्या असाव्यात इतक्या वेगळ्या आहेत. माई खुर्चीत बसून सूप घेत आणि दोन मिनिटांत जे काढून दाखवत ते मला अर्ध्या तासात साधत नसे. त्यांचे डोळे अधू झालेत. त्या आवाजावर पाखडतात. खड्याचा आवाज सुपात वेगळा येतो, असं त्यांचं म्हणणं.

साफ झालेला गहू उन्हात. इंदूरचं वैशाखातलं ऊन म्हणजे दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवायची सोय नाही. जुनी लुगडी अंथरून त्यावर पातळ थर पसरायचा आणि मधूनमधून पायानं सऱ्या ओढत हलवायचा. संध्याकाळी गोळा करून लगेच कोठीत भरायचा नाही, हे माईंनी दहादा बजावलं. गरम धान्य बंद डब्यात घातलं की आत घाम सुटतो, आणि ओल आली की कीड आलीच. तेव्हा रात्रभर तसाच उघडा निवू द्यायचा. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक कवी लोकांनी केलंय ते गारव्यासाठी. आमच्या घरी तिचा उपयोग गहू निववायला झाला.

मग एरंडेल. माईंचा हिशोब क्विंटलला पाव ते अर्ध्या लिटरच्या मधला, आणि तोही एकदम ओतायचा नाही. परातीत थोडा थोडा गहू घ्यायचा, तळहाताला तेल लावायचं आणि दाणा हातात घोळवत राहायचा. दाणा चमकला पाहिजे, पण बोटाला ओघळ लागता कामा नये. तेलाच्या पातळ थरानं सोंड्यांना, म्हणजे धान्यातल्या किड्यांना, दाण्यावर अंडी घालणं अवघड होतं, एवढं साधं त्यामागचं कारण आहे. तेल बेतानं लागलं असेल तर पोळीला वास येत नाही. थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. सियागंजात दुकानदार पारद टिकड्या पुढे करतात, बऱ्याच घरांत त्या घालतातही. माईंना पारा धान्यात नको होता आणि मलाही. सल्फास या कीड मारायच्या गोळीचं तर नावच नको. त्या गोळीतून सुटणाऱ्या फॉस्फीन वायूनं बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. फ्लॅटमध्ये तर धान्याची खोली आणि झोपायची खोली यांत एक दार असतं, फार तर.

नवी कोठी बर्तन बाजारातून आणली. गॅल्व्हनाइज पत्र्याची, खाली काढायचं तोंड असलेली, म्हणजे आधी भरलेला गहू आधी निघतो. पूर्वी झाकणाची फट शेणमातीनं लिंपायचे, आम्ही चिकटपट्टी लावली. बाल्कनीच्या कोपऱ्यात ती उभी राहिली तेव्हा नवऱ्यानं इंचपट्टी घेऊन वॉशिंग मशीनसाठी जागा उरते का ते मोजलं. उरली.

कुरडयांचं काम थोडं आडवळणाचं, पण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. यासाठीही लोकवनच, कारण माईंना कुरडई पांढरी हवी, मालवीची पिवळट होते. गहू तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं. तरी आंबूस वास घरभर जातोच. शेजारच्या फ्लॅटमधून विचारणा झाली. चौथ्या दिवशी वाटून, पाण्यात कालवून, हातानं पिळून चोथा बाजूला काढायचा आणि दुधासारखं पाणी फडक्यातून गाळायचं.

हे फडकं कुठलं, तर माईंच्याच एका विरलेल्या लुगड्याचं. मी नवं कोरं मलमलचं कापड आणलं होतं, त्यांनी ते हातात घेऊनच बाजूला ठेवलं. नव्या कापडाची खळ आणि घट्ट वीण, त्यातून चीक उतरत नाही. वीस वर्षं अंगावर, धुण्याच्या दगडावर आणि उन्हात गेलेलं सूत मऊ होतं, त्याची वीण उघडते, पण कोंडा अडवण्याइतकी दाट राहते. आमच्या घरात लुगडं कधी फुकट गेलंच नाही. अंगावर विरलं की मधला फाटका भाग काढून दोन टोकं जोडायची, म्हणजे दांड भरायचा. तेही विरलं की बाळाची दुपटी, गोधडीचे थर, गाळायची फडकी, महिन्याच्या त्या दिवसांच्या घड्या आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. माझ्या कपाटातल्या सिंथेटिक साड्या यातल्या एकाही कामाच्या नाहीत, त्या भांडीवालीला द्यायच्या.

गाळलेलं पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाशी घट्ट चीक. पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. मोठ्या पातेल्यात पाणी, मीठ, हिंग उकळून त्यात चीक सोडायचा आणि हात न थांबवता ढवळायचं. गुठळी झाली की संपलं. रंग पांढरा जाऊन काचेसारखा झाला, लाकडी दांडा उभा राहायला लागला की झाकून वाफ. सोऱ्यात भरण्याआधी वाटीभर गरम चीक बाजूला काढायचा असतो. तूप आणि साखर घालून तो खाताना नवऱ्याला पहिल्यांदाच या व्यापात अर्थ दिसला.

या सगळ्यावर कौतुकाचा पूर यायला वेळ लागत नाही. गच्चीवरचा माझा फोटो नणंदेनं नातेवाइकांत फिरवला आणि लगेच "आपल्या आज्या किती शहाण्या होत्या, किती सोयीचे कपडे" सुरू झालं. माईंनी तो फोटो बघितला आणि म्हणाल्या, "सोयीचे खरे. धुवायला या म्हणावं." नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. विहिरीचं पाणी ओढायचं, दगडावर आपटायचं, पिळायला दोघी लागायच्या. बहुतेक बायकांकडे एक अंगावर, एक दांडीवर, एवढंच. सोवळ्याचं लुगडं तर काठीनं उंच वळणीवर टाकायचं, कुणाचा हात लागू द्यायचा नाही. पावसाळ्यात ते वाळायचं नाही, आणि दमट लुगड्यातच चुलीपुढे सगळा स्वयंपाक. माईंच्या एक आत्येसासू लहान वयात विधवा झाल्या. त्यांच्या वाट्याला लाल आलवण आलं, अंगात चोळी नाही, आणि घरातलं दळणकांडण त्यांच्याकडे. काष्टा त्यांचाही होता. त्या लुगड्याला सोयीचं म्हणायला माई तयार नाहीत.

स्वतः माईंनी शाळेत नोकरी धरली तेव्हा काष्टा सोडून गोल पातळ नेसायला सुरुवात केली. सासूबाईंनी बरेच दिवस अबोला धरला. कुळधर्माला गोल नेसून चालत नाही, म्हणून सणावारी पुन्हा काष्टा. गंमत अशी की सायकल चालवायला खरं तर काष्टाच बरा, पण शाळेत तो गावंढळ दिसायचा. उभ्या ओट्याचा स्वयंपाक आला, गॅस आला, पीठ गिरणीतून यायला लागलं, आणि जमिनीवर बसून करायची कामं एकेक करत कमी झाली. मला विचाराल तर नऊवारी कुणी मोडीत काढली नाही. तिचं काम संपलं आणि ती कपाटात गेली. मलाही ती रोज नको आहे. बँकेत, भाजीला मी पंजाबी ड्रेसवरच जाते. पण सूप घेऊन बसायचं असेल तर दुसरं काही अंगावर नको.

पावसाळ्यात, भाद्रपदात कडक ऊन पडलं तेव्हा कोठी उघडून बघितली. आत हात घातला, गार लागला. धान्यात कीड लागली की तिच्या श्वासानं आतून ऊब येते, म्हणून हात घालणं ही सगळ्यात सोपी परीक्षा. पोळीचा गहू स्वच्छ होता. मालवीच्या डब्यात वरच्या थरात थोडे सोंडे दिसले. तेवढा भाग पाखडून, उन्हं दाखवून आधी दळायला दिला, त्याचे बाफले झाले.

लुगडं मात्र आता खरंच विरलंय. गाठीपाशी सुटायला लागलंय. पुढच्या एप्रिलसाठी नवं बघायला सीतलामाता बाजारात गेले. दुकानदारानं शिवलेल्या नऊवारीचा ढीग टाकला, कमरेला इलॅस्टिक, बाजूला चेन, निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या. नाचायला छान. त्यात ओचा नाही आणि सैल करायला गाठ नाही. महेश्वरी सुती नऊवारी दाखवली, सुंदर होती, पण गव्हाच्या धुळीत बसायला त्या किमतीचं लुगडं नेसायची माझी छाती नाही. शेवटी कपडा मार्केटमधून पिवळसर सुती वायल नऊ वार फाडून घेतलं. माईंनी आधी काठ नाही म्हणून नाक मुरडलं. मग कापड बोटांनी चोळून बघितलं आणि सांगितलं की आता रोज घरात नेसून धू, म्हणजे वैशाखापर्यंत खळ जाईल, आणि चीक गाळायला तुझ्या सुनेच्या कामी येईल. मुलगा अजून बारावीत आहे.